शाहूपुरीतल्या पोर्तुगीज बाई

कागद पुढं ठेवला की बाई आधी त्यावर तळहात ठेवायच्या. सगळं इंग्रजी झाकून टाकायच्या आणि म्हणायच्या, "आता सांग. काय म्हणायचंय तुला? मराठीत सांग. कागदाकडं बघू नकोस."

मला या सवयीचा पहिल्या दिवसापासून संताप. कागदावर सगळं लिहिलेलं असायचं. पुण्याच्या सल्लागाराकडून मुद्दाम लिहून घेतलेलं झकपक इंग्रजी. त्याचं पोर्तुगीज करून द्यायचं, एवढंच काम. पण नाही. "हे इंग्रजी तुझं नाही," बाई म्हणायच्या. "ते त्या पुण्याच्या माणसाचं. मला तुझं पाहिजे." मग मी चिडून, हातवारे करत मराठीत सांगायचो, आणि त्या डावा हात तसाच ठेवून उजव्या हातानं लिहायला लागायच्या. लिहून झालं की ओठ हलवत एकदा स्वतःशीच वाचायच्या आणि मला विचारायच्या, "बसेल का रे त्याच्या तोंडात?"

आता मला विचारून काय उपयोग? मला पोर्तुगीजमधलं ओ का ठो कळत नव्हतं.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. कामाला चोख, पण तुम्ही सांगाल तसं करेल तर शपथ. अशा माणसाला सोडताही येत नाही आणि धरून ठेवलं तर आपलंच डोकं फिरतं. बाईंना जाऊन आता काही महिने झाले. माझं त्यांच्याशी असलेलं भांडण अजून मिटलेलं नाही. ते मिटवण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझी बाजू कुणीतरी ऐकावी म्हणून लिहितोय.

मी मूळचा नेसरीकडचा. कोल्हापुरात आलो तो एका फौंड्रीत वाळू चाळायला. तिथून स्वतःच्या शेडपर्यंत मला कुणी हात धरून आणलं नाही. आज मी ऊस गाळायचे चरक बनवतो. विक्रीचं ऑफिस शाहूपुरीत, तळमजल्यावर. बाई वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, ऐंशीच्या घरातल्या. एवढ्यापुरती ओळख होती.

मोझांबिकमधल्या एका डीलरनं माझे चरक घ्यायचं ठरवलं तेव्हा मी रोज फोनवर त्याच्याशी इंग्रजीत भांडायचो. त्याला इंग्रजी येत नव्हतं आणि मला तेवढंच येत होतं. एके दिवशी मी "लास्ट प्राइस, लास्ट प्राइस" म्हणून ओरडत होतो, तर जिन्यावरून आवाज आला.

"अरे बाबा, इंग्रजी मोठ्यानं ओरडलं म्हणून त्याचं पोर्तुगीज होत नाही."

बघतो तर बाई. हातात भाजीची पिशवी. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्या डीलरशी अशा काही बोलायला लागल्या, जणू तो त्यांच्या माहेरचा. माहेर गोव्याचं. पोर्तुगीज राज्य गेलं तेव्हा त्या शाळेत होत्या. पुढं सरकारी नोकरीत डेप्युटेशनवर गेलेल्या एका कोल्हापूरकराशी लग्न करून इकडं आल्या. "भारत सरकारनं मला मुक्त केलं," त्या सांगायच्या, "आणि लगेच तुमच्या काकांनी पकडलं."

मी कामाचा दर विचारला. त्यांनी मलाच सांगायला सांगितला. मी नेहमीप्रमाणं अर्ध्यावर सुरुवात केली, पुढं वाढवायची तयारी ठेवून. त्या म्हणाल्या, "चालेल." पहिल्याच भावाला हो म्हणणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो. आपण फसलो की समोरचा, ते कळायला मार्गच राहत नाही. मी आठवडाभर अस्वस्थ होतो. शेवटी मीच दर वाढवून दिला. तर त्यालाही म्हणाल्या, "चालेल."

पण काम करताना त्या खुलायच्या. सल्लागाराच्या इंग्रजीत एकदा आलं होतं की आमचं यंत्र बसवणं म्हणजे केकचा तुकडा. म्हणजे अगदी सोपं. बाई हसत सुटल्या. "त्यांच्यात सोपं काम म्हणजे केक नव्हे रे. कांझा. म्हणजे पेज! भाताची पेज. आपलीच कांजी उचलून नेली मेल्यांनी, कोंबडी घातली तिच्यात, आणि आता आपल्यालाच विकायची." दुसऱ्या एका पत्रात, डुकरं उडायला लागतील तेव्हा भाव कमी करू, असं होतं. त्याचं त्यांनी 'संत कधीच-नाही यांच्या सणाला' केलं. पोर्तुगीजांत म्हणे असा एक संत आहे, ज्याचा सण पंचांगात येतच नाही. तो डीलर इतका खूश झाला की त्यानं त्या पत्राला उत्तर म्हणून नुसते हसण्याचे आवाज पाठवले, आणि मागोमाग ऑर्डर.

इथपर्यंत सगळं ठीक होतं.

पहिले चरक बसवायला मी धाकट्या भावाला पाठवलं. बेइरा शहरापासून बरंच आत, उसाच्या पट्ट्यातलं गाव. तिथं ट्रायल चालू असताना एका कामगाराचा उजवा हात उसाबरोबर चरकात गेला. पंचविशीतला गडी. जाळी अजून पेटीतच होती, बसवायची होती. आमच्याकडं गुऱ्हाळावर चरकाला जाळी कोण लावतं? ऊस सारताना हात कुठवर न्यायचा हे इथं अंगातच असतं. तिथल्या माणसाच्या अंगात ते नव्हतं. धाकट्यानं चरक बंद केला, त्याला उचलून दवाखान्यात नेलं. हात कोपरापासून काढावा लागला. पोलिसांनी धाकट्याचा पासपोर्ट ठेवून घेतला. डीलरनं फोन उचलणं बंद केलं. त्या कामगाराच्या घरच्यांनी तक्रार मागं घेतल्याशिवाय धाकट्याला गाव सोडता येणार नव्हतं.

घरच्यांच्या वतीनं बोलणार त्याचा मामा. साखर कारखान्यात ट्रॅक्टर चालवणारा, पोर्तुगीज बोलणारा. आणि आमच्या वतीनं बाई. माझा भाऊ घरी येणार की नाही, हे वर्षभर एका म्हाताऱ्या बाईच्या जिभेवर होतं. मी, जो चहाच्या टपरीवरसुद्धा दुसऱ्याला बोलू देत नाही, तिच्या शेजारी गप्प बसून असायचो.

धाकटा डीलरच्या गोडाऊनमध्ये पोत्यांवर झोपायचा. दर सोमवारी पोलिसांत हजेरी. मलेरियानं दोनदा पाडलं. "दादा, मला हितनं काढ," एवढंच म्हणायचा. गावाकडं आईला सांगितलं होतं, काम वाढलंय. ती दर पौर्णिमेला वाडीला जाऊन दत्ताला विचारायची, काम कधी संपणार.

मी वकील गाठला. त्यानं इंग्रजीत कडक पत्र तयार केलं. ते घेऊन वर गेलो. बाईंनी या वेळी त्यावर हात ठेवला नाही. पत्र हातात धरून वाचलं आणि टेबलावर उलटं ठेवलं.

"यात लिहिलंय, या प्रकरणातून आम्ही हात धुतले."

"व्हय मग. कायद्याची भाषा हाय ती."

"पोर्तुगीजमध्ये हे शब्दाला शब्द होतं. अगदी असंच म्हणतात. काही अडचण नाही."

"मग लिवा की."

"ज्याचा हात गेलाय त्याच्या घरी?" बाईंचा आवाज चढला. "तुझ्या वकिलाला हात आहेत ना दोन? त्याला सांग, स्वतःच लिही."

मी पत्र खिशात घातलं. वकिलाचे पैसे बुडाले ते बुडाले.

शेवटी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. बाईंच्या टेबलावर मोबाइल डब्याला टेकवून उभा केला. पलीकडं टोपी घातलेला मामा, मागं विटांची भिंत. मी भरपाईचा आकडा सांगितला. खालून सुरुवात केली, वाढवायची तयारी ठेवून. बाईंनी तो सांगितला. मामा काही बोलला नाही. मीही बोललो नाही. जो आधी तोंड उघडतो तो हरतो, हे मी गुळाच्या बाजारात शिकलोय. बराच वेळ झाला. मग मी तेच केलं जे कुठल्याही सौद्यात करतो. उठलो.

तुम्ही कोल्हापूरचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. उठणं म्हणजे जाणं नव्हे. उठणं हा बोलण्याचाच भाग आहे. गिऱ्हाईक उठतं, दारापर्यंत जातं, चप्पल घालतं, आणि मागून हाक येते, "ओ पावणं, बसा की. रागावताय काय!" मग खरा सौदा सुरू होतो. मी दाराबाहेर गेलो, चपला घातल्या, दोन पायऱ्या उतरलो आणि थांबलो.

हाक आली नाही. परत आत आलो तर मोबाइल बंद. बाई डबा जागेवर ठेवत होत्या.

"काय म्हणाला?"

"विचारलं, गेला का? मी म्हटलं, गेला."

"अवो बाई! मी येणार होतो की परत!"

"परत येणार होतास? मग गेलास कशाला?"

"पन्नास वर्षं कोल्हापुरात काढली तुम्ही! एवढं कळंना व्हय? त्याला सांगायचं, आमच्यात माणूस उठला म्हणजे…"

"मी शब्दांचं भाषांतर करते," बाई म्हणाल्या. "जिन्याचं नाही."

मी तिथं काय काय बोललो ते लिहीत नाही. खालच्या दुकानातली माणसं वर आली, एवढं सांगतो. हीच ती तक्रार. आजही माझं म्हणणं तेच आहे. त्यांनी एक हाक मारायला हवी होती. पोर्तुगीजमध्ये नसती आली तर मराठीत मारायची, मामानं ऐकली असती, प्रश्न मिटला असता. बाईंचं म्हणणं, एका माणसाचा हात तुटलाय आणि दुसरा आकड्यासाठी उठून निघून जातो, याला कुठल्याच भाषेत हाक नसते.

त्यानंतर मामानं आमचा फोन उचलणं सोडलं. मी वर जाणं सोडलं. मोबाइलवर भाषांतर करणारं ॲप आहेच की. मराठीत बोललं की पलीकडं पोर्तुगीज. एकदम सरळ, तक्रार न करता, हात न ठेवता. त्यावरून मी रोज निरोप पाठवले. ते सगळे वाचले गेल्याचं दिसायचं, उत्तर एकाचंही नाही. पुण्याच्या एका दुभाष्याला धरलं. त्याचाही फोन उचलला नाही. धाकट्याचा आवाज बदलत चालला होता. आधी रडायचा, मग चिडायचा, मग नुसतं "हं" म्हणायला लागला. त्या "हं"ची मला भीती वाटायची. शेडमध्ये मी माणसांच्या अंगावर जायला लागलो. चालू चरकाजवळ उभं राहवेना.

एके दिवशी दुपारी वरून हाक आली. "ये. बोलायला लागलेत."

बाईंनी मला न सांगता रोज मामाला आवाजात निरोप पाठवले होते. सौद्याचा एक शब्द नाही. जखम भरतेय का? खाज सुटते का? झोप लागते का? डाव्या हातानं जेवायला जमतं का? त्यांच्या यजमानांचा हात शेवटच्या आजारपणात लुळा पडला होता, तेव्हा बटणांच्या जागी त्यांनी काय लावलं होतं, उशी कुठं ठेवायची, असलं सगळं. बरेच दिवस उत्तर नव्हतं. मग मामानं एका निरोपाला उत्तर दिलं, की रात्री तो नसलेला हात दुखतो असं पोरगा म्हणतो, हे खरं असतं का? बाईंनी सांगितलं, खरं असतं. तिथून दोघांचं बोलणं सुरू झालं. पुढं त्या कामगाराची आईही मागून बोलायला लागली. तिची भाषा तिसरीच. मामा ती पोर्तुगीजमध्ये सांगायचा.

"माझ्या माघारी?" मी म्हणालो. "माझ्या वतीनं?"

"तुझ्या वतीनं नाही. माझ्या." मग टेबलावर तळहात आपटून म्हणाल्या, "आता मराठीत सांग. तुझ्या गल्लीत कुणाचा हात गेला असता तर काय केलं असतंस?"

"समाचाराला गेलो असतो."

"मग जा."

"वकील नको म्हणतोय. गेलो म्हणजे चूक कबूल केल्यासारखं हुईल."

"गल्लीतल्याकडं जाताना वकिलाला विचारतोस?"

"आणि तिथं जाऊन बोलणार कोण?"

"मी येते की."

मी हसलो. जिना उतरताना चार वेळा थांबणारी बाई आफ्रिकेला निघाली होती. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला पासपोर्टचा फोटो काढायला दुकानात न्यायला लावलं. फोटोवाला सारखा म्हणत होता, "आजी, हसू नका, हसलेला चालत न्हाय." आणि बाईंना काही केल्या हसू आवरत नव्हतं. "अरे, मला जन्मात कुणी फुकट कुठं नेलं नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, फुकट कुठलं, तिकिटाचा भाव करणार हाय मी. त्यावर आणखी हसल्या. शेवटी मी बाहेर जाऊन उभा राहिलो, तेव्हा तो फोटो निघाला.

पावसाळा सरता सरता त्यांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात तोंडावर मास्क. मी गेलो की बोटानं माझ्या खिशाकडं दाखवायच्या. फोन लाव. मी लावायचो. कधी रेंज नसायची, कधी पलीकडं बंद. एकदा लागला, मामा बाईंना "सिन्योरा, सिन्योरा" अशा हाका मारत राहिला, पण बाईंना मास्क काढू देईनात. त्या नुसत्या माझ्या मनगटाला घट्ट धरून ऐकत होत्या. दोन दिवसांनी गेल्या. गोव्याहून भाचा आला, त्यानं सगळं केलं.

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते खरं सांगतो. आता बोलणार कोण?

मी मामाला काहीच कळवलं नाही. ती माणसं बाईंशी बोलत होती, माझ्याशी नव्हे. बाई गेल्या म्हटलं तर दार बंद होईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. ॲपवरून एवढंच कळवलं की अमुक दिवशी येतोय. उत्तर आलं: या. सौद्यात आपली पडती बाजू आधी सांगत नाहीत. मी व्हिसा काढला आणि निघालो.

धाकटा बेइराला घ्यायला येऊ शकत नव्हता. गावाच्या हद्दीवर उभा होता. वाळून काटकी झालेला. मला धरलं आणि सोडेना. वाटेत मी फळं घेतली, कारण समाचाराला मोकळ्या हातानं जात नाहीत.

घरापुढं झाडलेलं अंगण. आंब्याखाली दोन खुर्च्या शेजारी शेजारी मांडलेल्या, दोन्हींवर धुतलेली फडकी टाकलेली. मामानं टोपी काढून हात मिळवला. त्याची बहीण, त्या कामगाराची आई, माझ्याकडं बघतच नव्हती. ती माझ्या मागं, गाडीकडं बघत होती. मग तिनं मामाला काहीतरी विचारलं, मामानं धाकट्याला.

वर्षभरात धाकट्याला मोडकं पोर्तुगीज यायला लागलं होतं. "दादा," तो म्हणाला, "विचारत्यात, बाई कुठं हायत. गाडीत बसल्यात का. म्हणत्यात, त्यांनी येते म्हणून शब्द दिलता."

मी फळांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आजारी हायत म्हणून सांगू? ते येतंय मला. तापात शिकलोय."

खोटं बोलायला माझी कधी हरकत नसते. धंदा आहे. आणि हे तर अर्धंच खोटं होतं. धाकट्याच्या तोंडात तयार होतं. समोर मामा, तक्रार त्याच्या हातात. पण त्या गड्याची आई अजून गाडीकडंच बघत होती. खांद्यावरचं कापड नीट करत, म्हाताऱ्या पाहुणीला उतरून घ्यायला दोन पावलं पुढं आलेली.

"वारल्या म्हणून सांग," मी म्हणालो.

धाकटा हळू आवाजात म्हणाला, "ते न्हाय येत मला. हितं कोंबडी मेली की म्हणत्यात, तेवढंच येतंय. बाईंना ते कसं म्हणू?"

ज्यांना विचारावं, त्याच नव्हत्या.

"तेच म्हण," मी म्हणालो. "पण हळू म्हण."

त्यानं म्हटलं. डोक्यावरची टोपी काढून, खाली बघून. मामानं ते बहिणीला तिच्या भाषेत सांगितलं. तिनं एकदा मोठ्यानं आवाज काढला आणि दोन्ही हात डोक्यावर घेऊन जमिनीवर बसली. शेजारच्या घरांतून बाया आल्या, तिच्याभोवती बसल्या, आणि सगळ्याजणी कधी न पाहिलेल्या एका कोल्हापूरच्या म्हातारीसाठी रडायला लागल्या. मी फळांची पिशवी धरून तसाच उभा. मामा माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता संपलं. त्यानं पिशवी माझ्या हातातून घेतली, मला खांद्याला धरून खुर्चीवर बसवलं आणि घरात गेला. बाहेर आला तो इस्त्रीचा सदरा घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून. धाकट्याला काहीतरी म्हणाला.

"दादा," धाकट्याचा आवाज फाटला. "पोलिसांत जायाचं म्हणत्यात. तक्रार मागं घ्यायला. आत्ता."

दोघं गेले. अंगणात बायांचा आवाज हळूहळू उतरत गेला. घरातून तो गडी बाहेर आला. सदऱ्याची उजवी बाही कोपराखाली दुमडून पिनेनं लावलेली. त्यानं दुसऱ्या खुर्चीवरचं फडकं डाव्या हातानं काढलं, घडी करायचा प्रयत्न केला, जमलं नाही, तसंच मांडीवर ठेवून माझ्याशेजारी बसला. त्यानं मला काहीतरी विचारलं. त्यात "सिन्योरा" एवढं कळलं.

मी मराठीत सांगायला लागलो. बाई कुठं राहायच्या, कशा बोलायच्या, माझ्याशी कशा भांडल्या, फोटोच्या दुकानात कशा हसल्या. सगळं. तो नीट ऐकत होता, मधेच नको तिथं मान डोलवत होता. मी थांबलो नाही.